शीग कोणाची? ‘लिटर’ या एककाच्या जन्माची कथा

१/ इ.स. १७८९. फ्रान्समध्ये राजाने बोलावलेल्या प्रतिनिधिसभेपूर्वी गावोगावच्या तक्रारी वह्यांमध्ये नोंदवून घेण्यात आल्या. करांच्या ओझ्याबरोबरच त्यांत एक मागणी वारंवार आढळते : मापे सर्वत्र सारखी असावीत. क्रांतीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मापांची एवढी चिंता का असावी?

२/ द्रवाचे प्रचलित माप होते ‘पिंट’. नाव एक, आकार अनेक. पॅरिसची पिंट आजच्या ०.९३ लिटरएवढी, तर प्रेसी-सू-तील या गावची तब्बल ३.३३ लिटरची.

३/ धान्याचा प्रश्न त्याहून बिकट. ‘बुआसो’ या मापाने जमीनदार खंड घेई. माप काठोकाठ सपाट भरायचे की वर रास रचायची, हा वादाचा मुद्दा असे. माप रुंद आणि उथळ केले की आतली जागा तेवढीच राहूनही वरची रास मोठी होई. धान्य उंचावरून ओतले की दाणे दाबून बसत आणि अधिक मावत.

४/ या राशीला मराठीत नेमका शब्द आहे : शीग. ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही आपल्याकडची धान्याची मापेही आकारमानाचीच. आणि पायलीही गावागणिक लहानमोठी असे.

५/ ७ एप्रिल १७९५ च्या फ्रेंच कायद्याने यावर उत्तर शोधले. मीटरच्या दहाव्या भागाएवढी बाजू असलेल्या घनात जेवढे मावेल, ते एक लिटर. दूध असो वा गहू, एकक एकच. मुख्य म्हणजे हे माप लांबीवरून सिद्ध होत होते. ज्याच्याकडे पट्टी, त्याला जमीनदाराचे माप पडताळून पाहता येणार होते.

६/ भांड्याचा आकारही मोकळा सोडला नाही. धान्याच्या दंडगोलाकार मापाची उंची व्यासाएवढी ठरवण्यात आली. रुंद, उथळ मापाची पळवाट तिथेच बंद झाली.

७/ तरीही लोकांनी नवी मापे सहज स्वीकारली नाहीत. १८१२ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने व्यवहारात जुनी नावे परत येऊ दिली. अखेर १८३७ च्या कायद्याने १ जानेवारी १८४० पासून मेट्रिक मापे सक्तीची झाली.

८/ पुढे शास्त्रज्ञांनीच एक घोळ घातला. १९०१ मध्ये लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याच्या आकारमानावरून करण्यात आली. परिणामी लिटर १.००००२८ घन डेसिमीटरचे झाले. १९६४ मध्ये ही व्याख्या रद्द झाली. तेव्हापासून १ लिटर = १ घन डेसिमीटर, १ मिलिलिटर = १ घन सेंटिमीटर आणि १ घन मीटर = १००० लिटर.

९/ भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धतीचा स्वीकार झाला. दूध, तेल लिटरने मोजले जाऊ लागले. धान्य मात्र मापातून निघून तराजूवर गेले. किलोग्रॅमला शीग नसते. ती कोणाच्या पदरात पडायची, हा शतकानुशतकांचा तंटा त्यामुळे मिटला. भाषेत मात्र ती अजून आहे : आपली उत्सुकता आजही ‘शिगेला’च पोहोचते.