लॉग इन की लॉगिन? एका ओंडक्याची गोष्ट

आजचा एपिसोड आहे एका स्पेसबद्दल. 'लॉग' आणि 'इन' यांच्या मधली जागा. ती कधी सोडायची, कधी नाही? याचं उत्तर शोधायला आधी समुद्रावर जाऊ.

लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोराला लाकूड बांधून पाण्यात टाकायचे. विल्यम बोर्न या इंग्रजाने 1574 च्या पुस्तकात ही पद्धत लिहून ठेवली आहे. लाकूड पाण्यात जवळपास जागच्या जागी राहतं, जहाज पुढे जातं आणि दोर सुटत जातो. पुढे दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारायला लागले. 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ असेल तर दोन गाठींमध्ये साधारण 47 फूट 3 इंच. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी हातातून गेल्या, तितके 'नॉट' वेग. जहाजाचा वेग आजही नॉटमध्येच सांगतात.

हे आकडे ज्या वहीत लिहायचे ती लॉगबुक. मग 'लॉग' हे क्रियापदच झालं: टू लॉग, म्हणजे नोंद करणे.

आता थेट 1961. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या टीमने सीटीएसएस ही सिस्टीम दाखवली. एकच कॉम्प्युटर, पण वापरणारे अनेक. मग कोण आलं, किती वेळ बसलं, याचा हिशोब ठेवायला हवा ना? म्हणून आल्यावर कमांड द्यायची लॉगिन, जाताना लॉगआउट. तिथे मशीनच्या एका 'वर्ड'मध्ये सहाच अक्षरं मावायची. इंग्रजीत मोजून बघा: लॉगिनची पाच, लॉगआउटची बरोबर सहा! कमांडच्या नावात स्पेस टाकायची सोयच नव्हती.

पण कमांडचं नाव वेगळं आणि वाक्यातलं क्रियापद वेगळं. कृती सांगायची असेल तर दोन शब्द: 'प्लीज लॉग इन'. वस्तूचं नाव असेल तर एक: 'माय लॉगिन इज नॉट वर्किंग', 'लॉगिन पेज'.

शंका आली तर वाक्य भूतकाळात टाकून बघा. 'आय लॉग्ड इन येस्टर्डे'. 'एड' कुठे चिकटला? लॉगला. म्हणजे हे क्रियापद आहे, शब्द दोन लिहा. 'बॅक अप' आणि 'बॅकअप'चंही हेच: 'आय बॅक्ड अप द फाइल्स', पण 'आय टुक अ बॅकअप'.

आणि पोर्टलमध्ये शिरायचं असेल तर 'लॉग इन टू द पोर्टल'. 'इन' लॉगचा जोडीदार, 'टू' पोर्टलचा. 'लॉग इंटू'सुद्धा लोक लिहितात आणि ते चालतं. पण 'लॉगिन टू' क्रियापद म्हणून नको.

मग आपल्याकडे 'आय हॅव लॉगिन्ड' कुठून येतं? मराठीत आपण 'लॉगिन कर', 'लॉगिन केलं' म्हणतो. नाव घ्यायचं, 'करणे' जोडायचं, झालं काम. फोन कर, मेसेज कर, तसंच लॉगिन कर. मराठीत हे शंभर टक्के बरोबर आहे. इंग्रजीत मात्र 'करणे'चं काम लॉग स्वतःच करतो. म्हणून कुणी 'लॉगिन्ड' लिहिलं की ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून हसू नका. त्याला इंग्रजी येत नाही असं नसतं, तो मराठीचा नियम इंग्रजीत लावत असतो. ओंडक्याची गोष्ट सांगा, पुढच्या वेळी स्पेस आपोआप पडेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा!