टर्बोचार्जित प्रोपेन एंजिन
प्रोपेन वायू इंधन म्हणून वापरणारे आणि निष्कास वायूंच्या ऊर्जेवर फिरणाऱ्या संपीडकाने ज्यात अधिक दाबाने हवा भरली जाते असे ठिणगीने प्रज्वलित होणारे एंजिन [→ अंतर्ज्वलन-एंजिन]. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जुन्या पिकअप मोटारींवर हौशी तंत्रज्ञ अशा एंजिनाची उभारणी करतात. तीत इंधन आणि अधिभरण या दोन स्वतंत्र इतिहासांची गाठ पडते. आघाती ज्वलनाचा, म्हणजे नॉकिंगचा, प्रश्न हा या दोहोंना जोडणारा दुवा होय.

इंधन : पेट्रोलमधून निसटून जाणाऱ्या बाष्पांचा अभ्यास करीत असता वॉल्टर स्नेलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांना १९१० मध्ये प्रोपेन आढळले. त्यांच्या द्रवीकरण पद्धतीला १९१३ मध्ये एकस्व मिळाले. १९४१ मध्ये मिनीआपोलिस-मोलीन कंपनीने या इंधनावर चालणारा ट्रॅक्टर कारखान्यातूनच तयार करून विक्रीस आणला व १९५० पासून शिकागो शहरात प्रोपेनवरील बसगाड्या मोठ्या संख्येने धावू लागल्या. प्रोपेन –४२° से.ला उकळते, म्हणून ते टाकीत दाबाखाली द्रवरूपात साठवितात. त्याचे ऑक्टेन मूल्य १०० हून अधिक असल्याने ते आघाती ज्वलनास चांगला विरोध करते. मात्र एक लिटर द्रव प्रोपेनपासून तेवढ्याच पेट्रोलच्या सु. तीन-चतुर्थांश उष्णता मिळते. शिवाय वायुरूपात शिरताना ते मिश्रणाच्या आकारमानाचा सु. ४ टक्के भाग व्यापते. त्यामुळे तेवढी हवा कमी पडून शक्ती थोडी घटते.

अधिभरण : सिलिंडरात वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक दाबाने हवा भरण्याला अधिभरण म्हणतात. वाया जाणाऱ्या निष्कास वायूंवर टरबाइन चालवून हे काम करण्याच्या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंचीच्या शिखरावर लिबर्टी विमान-एंजिनाला टर्बोचार्जर जोडून, विरळ हवेत गमावलेली शक्ती परत मिळते हे दाखविले.

पेट्रोलच्या मोटारींत मात्र अडचण आली. हवेचा दाब वाढला की मिश्रणाचे तापमान वाढते आणि ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम पेटून दट्ट्यावर आघात होतात. १९६२ मध्ये विक्रीस आलेल्या ओल्डस्मोबील जेटफायर मोटारीच्या ३.५ लि. एंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळत असे, परंतु १०.२५ : १ या संपीडन गुणोत्तरामुळे आघात टाळण्यासाठी पाणी व मिथिल अल्कोहॉल यांचे मिश्रण वेगळ्या बाटलीतून आत सोडावे लागे. ही बाटली भरण्याचे मालक विसरत. १९६३ नंतर या मोटारीचे उत्पादन थांबले. प्रोपेनमध्ये हा आघातविरोध इंधनाच्या अंगीच असतो. हेच या जोडणीमागील मुख्य कारण होय.

जुन्या एंजिनाची पात्रता : जुन्या पिकअप मोटारींच्या एंजिनांचे संपीडन गुणोत्तर कमी असल्याने ती अधिभरणास सोयीची दिसतात, पण तेवढे पुरेसे नाही. शेव्हरोलेच्या १९५३ पर्यंतच्या पिकअपमधील २१६ घन इंची एंजिनात भुजादंडाच्या धारव्यांवर बॅबिट मिश्रधातू ओतलेला असे व संयोगदांड्यांना वंगण बहुतांशी शिंतोड्यांनी मिळे. १९५४ पासूनच्या २३५ घन इंची (सु. ३.८५ लि.) एंजिनात सुट्या कवचांचे धारवे व दाबयुक्त वंगणव्यवस्था आली. टर्बोचार्जरचा दंड मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो व त्याला दाबाखालील तेलाचा अखंड पुरवठा लागतो. म्हणून बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन एंजिनांपैकी दुसरेच या कामास योग्य ठरते. प्रोपेनमध्ये झडपांच्या बैठकींचे रक्षण करणारे शिसे नसल्याने निष्कास झडपांसाठी कठीण धातूच्या बैठकी बसवितात. ठिणगीसाठी अधिक विद्युत् दाब लागतो. त्यामुळे स्पार्क प्लगमधील फट कमी ठेवतात.

रचना : टाकीतील द्रव, एंजिन थंड करणाऱ्या गरम पाण्याच्या साहाय्याने बाष्पकात वायुरूप होतो व दाब उतरवून मिश्रकात जातो. मिश्रक संपीडकाच्या आधी ठेवल्यास रचना सोपी होते. प्रोपेन वायुरूपच राहत असल्याने पेट्रोलप्रमाणे ते नळ्यांच्या भिंतींवर साचत नाही. परंतु सबंध अंतर्ग्रहण मार्ग ज्वालाग्राही मिश्रणाने भरलेला राहतो आणि ज्योत उलटल्यास मोठा स्फोट होऊ शकतो. मिश्रक संपीडकानंतर ठेवल्यास हा धोका घटतो. त्या वेळी बाष्पकातील नियामक पटलाच्या बाहेरच्या बाजूलाही संपीडित हवेचा दाब पोहोचवावा लागतो. नाहीतर दाब वाढताच इंधनाचा प्रवाह खुंटतो, मिश्रण विरळ होते आणि ऐन भाराच्या वेळी दट्ट्या व झडपा जळतात.

सुरक्षितता : प्रोपेनची वाफ हवेपेक्षा सु. दीडपट जड असल्याने ती खड्ड्यात वा तळघरात साचते. मूळचा वायू गंधहीन असल्यामुळे त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. प्रसरणास जागा राहावी म्हणून टाकी सु. ८० टक्केच भरतात. एंजिन थांबताच इंधन बंद करणारी झडप आवश्यक असते. भारतात द्रवीकृत पेट्रोलियम वायूचा मोटारींतील वापर २००० मध्ये कायदेशीर झाला. त्यासाठी मान्यताप्राप्त टाकी व संच बंधनकारक असून घरगुती सिलिंडर वापरण्यास मनाई आहे.

प्रोपेनमुळे आघाताची मर्यादा दूर सरकते, नाहीशी होत नाही. तिच्या जागी धारवे, झडपा, सिलिंडर-शीर्षाची गॅस्केट आणि उष्णतेचा निचरा यांच्या मर्यादा पुढे येतात. यांपैकी सर्वांत दुर्बळ भाग किती भार सोसतो, यावरच अशा एंजिनाची खरी शक्ती अवलंबून असते.