दुर्बीण घेताना : स्थिर वर्धन की ‘झूम’?

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मिरकरवाडा बंदरातील यांत्रिकी नौका शाकारल्या जातात आणि दुरुस्ती-खरेदीची कामे उरकली जातात. खरेदीच्या यादीत दुर्बीण असेल, तर ती स्थिर वर्धनाची घ्यावी की वर्धन कमीजास्त करता येणारी ‘झूम’, असा प्रश्न पडतो.

हा वाद मुळात शिकाऱ्यांचा. रायफलीवर ४×३२ ची स्थिर दुर्बीण लावावी की ३-९×४० ची, यावर त्यांच्यात दोन तट असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपुष्टात आली. परदेशात मात्र ‘झूम’ची सरशी झालेली दिसते. तो निकाल नौकेवर जसाच्या तसा लागू पडत नाही. रायफलीवर नळी एकच असते. हातातील दुर्बिणीत दोन्ही नळ्यांचे वर्धन तंतोतंत सारखे बदलावे लागते. त्यात किंचित फरक पडला, तरी डोळ्यांवर ताण येऊन डोके दुखू लागते, आणि स्वस्त ‘झूम’मध्ये हा दोष हमखास आढळतो.

दुसरा मुद्दा उजेडाचा. भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. ७×५० मध्ये तो सुमारे ७ मिलिमीटर भरतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच विस्फारते. ८-२४×५० ची ‘झूम’ २४ वर नेली, की हाच झोत जेमतेम २ मिलिमीटर उरतो. तिन्हीसांजेला समोर दिसते ते जाळ्याचे बोये आहे की बिनदिव्याची होडी, हे ओळखायचे असते तेव्हाच चित्र काळवंडते. शिवाय वर्धनासोबत हाताची थरथर आणि नौकेची डोलही वाढते. डोलत्या नौकेवर दहापटीच्या पुढे दिवासुद्धा एका जागी ठरत नाही. दर्यावर्दी मंडळींनी ७×५० पसंत केली, ती यामुळेच. तिच्यातून एक किलोमीटरवरचा सुमारे १२० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत येतो. पन्नाशी उलटलेल्या तांडेलाची बाहुली एवढी विस्फारत नाही, तरीही स्थिर चित्र आणि रुंद पट्टा हे लाभ त्यालाही मिळतातच.

किनाऱ्यावर उभे राहून पक्षी पाहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिवईवर बसवलेल्या एकनळी दुर्बिणीला ‘झूम’ शोभते. आधी कमी वर्धनावर पक्षी शोधायचा, मग जवळ आणायचा.

दुकानात दुर्बीण हातभर दूर धरून आकाशाकडे रोखावी. डोळ्याकडील भिंगात दिसणारा उजेडाचा ठिपका पूर्ण गोल हवा. कडा कापल्यासारख्या वाटल्या, तर आतील लोलक हलके समजावेत. कोकणच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण घेणे श्रेयस्कर. तिच्यावर खारे पाणी उडाले, तर आधी गोड्या पाण्याने धुवावे. कोरडे मीठ फडक्याने पुसल्यास भिंगावर ओरखडे उठतात.