कर्करोगाच्या खुणा : लंडन ते धाराशिव

१८४५च्या नोव्हेंबरात लंडनमधल्या एका रुग्णाची लघवी हेन्री बेन्स जोन्स या वैद्याकडे तपासायला आली. आम्ल घातल्यावर तिच्यात साका धरे. तापवल्यावर तो विरघळे आणि थंड होताच पुन्हा दिसे. रुग्णाची हाडे ठिसूळ झाली होती; दोन महिन्यांत तो गेला. ते द्रव्य म्हणजे अस्थिमज्जेतल्या कर्करोगपेशींनी सोडलेले प्रथिन, हे पुढे उलगडले. गाठीने बाहेर टाकलेल्या प्रथिनावरून रोग ओळखण्याचा इतिहास इथून सुरू होतो.

पुढची मोठी पावले शंभर वर्षांहून अधिक काळाने पडली. १९६३मध्ये मॉस्कोत अबेलेव्ह यांना यकृताच्या गाठी असलेल्या उंदरांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन आढळले. १९६५मध्ये माँट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगातले सीईए शोधले. १९८१मध्ये बोस्टनला बास्ट यांच्या गटाने बीजांडकोशाच्या कर्करोगातले सीए-१२५.

या शोधाला लागणारे एक कसब मुंबईत रुजवले ते पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी. खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेल्या आणि परतल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी भोवतालच्या द्रवात प्रथिने सोडतात. आजचे संशोधक त्या द्रवातली शेकडो प्रथिने यंत्राने ओळखतात आणि त्यांतले कोणते रुग्णाच्या रक्तात उतरते, ते पाहतात.

मी डहाणूजवळ आगरला राहतो. हल्ली आमच्याकडेही ‘फुल बॉडी चेकअप’च्या पत्रकांत कॅन्सर मार्कर असतात. आकडा वाढलेला कागद हातात आला, की घराची झोप उडते. म्हणून हा इतिहास पुढे वाचायला हवा.

सीए-१२५ पाळीत, गरोदरपणात आणि पोटाच्या क्षयातही वाढते. समजा, दहा हजार बायकांत चौघींना रोग आहे आणि चाचणी निरोगी शंभरांतल्या दोघींनाच चुकून दोषी ठरवते. तरी सुमारे दोनशे जणींना विनाकारण धास्ती बसेल. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांची पाहणी झाली. सीए-१२५वर आधारलेल्या तपासणीने रोग अधिक वेळा पहिल्या टप्प्यात सापडला. पण २०२१चा अंतिम निष्कर्ष असा, की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. लवकर सापडणे आणि जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. निदान झालेल्या रुग्णावर उपचार लागू पडतात का, रोग उलटतो का, हे पाहायला मात्र हीच प्रथिने रोज कामी येतात.

जीव वाचल्याचे पुरावे आपल्याकडेच मिळाले. टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांत १,५१,५३८ स्त्रियांची पाहणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने स्तन तपासत आणि गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावून पाहत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे जवळपास ३० टक्क्यांनी. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तो निष्कर्ष २००९मध्ये जगापुढे आला.

प्रथिनांचा शोध खारघर, पवई आणि जगभर चालू आहे, आणि चालू राहायलाच हवा. पण नव्या प्रथिनालाही याच कसोटीतून जावे लागेल : हजारो निरोगी माणसांत तपासून मृत्यू घटले का? तोवर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा तिशीपुढच्यांसाठीचा सरकारी कार्यक्रम आहे. पत्रकातल्या आकड्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करावी.