बाटलीमागचा द्राक्षमळा

आज आम्ही तुम्हांला नाशिककडच्या एका द्राक्षमळ्यात घेऊन जाणार आहोत. आम्ही म्हणजे इतिहास शिकणाऱ्या एम.ए.च्या वर्गातल्या बारा जणी-जणं. फेब्रुवारीत आम्ही दिंडोरी तालुक्यातली एक वायनरी, म्हणजे वाइन बनवायचा कारखाना, बघायला गेलो. घरी मात्र आमच्यातल्या निम्म्या जणींनी ‘द्राक्षाची सहल’ एवढंच सांगितलं होतं. वाइनचं नाव घेतलं असतं तर घरून सोडलं असतं का, कुणास ठाऊक!

आधी द्राक्षाची गोष्ट ऐका. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा आपल्याकडे द्राक्षवेल आली, असं सांगितलं जातं. नाशिकला ओझर-पिंपळगाव भागात मळे वाढले ते गेल्या शतकात. तेव्हा ‘भोकरी’ जातीची द्राक्षं असायची. पुढे हैदराबादेकडून ‘अनाब-ए-शाही’ आली आणि मग बिनबियांच्या ‘थॉमसन’ने सगळ्यांना मागे टाकलं. आपल्या शेतकऱ्यांनी त्यातूनच ‘तास-ए-गणेश’, ‘सोनाका’ अशा जाती निवडून काढल्या.

वाइनचा उद्योग त्यामानाने अलीकडचा. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला फेसाळणारी वाइन तयार होऊन परदेशी जाऊ लागली. राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणून करात सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. खाण्याच्या द्राक्षाला भाव पडला की शेतकरी बुडतो, त्याला दुसरा आधार मिळावा, हा त्यामागचा विचार होता.

पण आधार नेहमी पक्का निघाला नाही. २००८ नंतर मंदी आली, वाइनची मागणी घटली, आणि कारखान्यांच्या भरवशावर बाग लावलेल्या किती तरी शेतकऱ्यांना ती उपटून टाकावी लागली. वाइनचं द्राक्ष मणी बारीक, साल जाड आणि आत बिया असलेलं. कारखान्याने नाही घेतलं, तर बाजारात हातगाडीवर त्याला कोण विचारणार?

वायनरीत आम्ही मोठ्या स्टीलच्या टाक्या पाहिल्या. रसातल्या साखरेवर यीस्ट काम करतं आणि तिची दारू होते. पांढऱ्या वाइनसाठी नुसता रस आंबवतात, लाल वाइनसाठी काळी द्राक्षं सालासकट. मग चव घेण्याची वेळ आली. ओळखपत्रं तपासून सहा पेल्यांत दोन-दोन घोट ओतले. पेला हलवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि हवा तर थुंकायचा. काहींनी चव घेतली, काहींनी नुसता वास. एकीने पेला हातातच घेतला नाही. तिच्या आईने गावात ‘आडवी बाटली’साठी दारोदार फिरून बायका गोळा केल्या होत्या. तुम्हांला ठाऊकच आहे, गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दारूचं दुकान बंद होतं. ती म्हणाली, “ही महाग आहे म्हणून दारू नाही, असं थोडंच आहे?” यावर आमच्यापैकी कुणालाच उत्तर सुचलं नाही.

हाच वाद २०२२ सालच्या जानेवारीत राज्यभर झाला. मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘शेतकऱ्याचा माल’ म्हणणारे एका बाजूला आणि ‘दारू घरात आणली’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला होते.

परतताना आम्ही मळ्यात काम करणाऱ्या मावशींशी बोललो. पेठ-सुरगाण्याकडच्या त्या बायका दर हंगामाला कामाला येतात. आम्हांला वाटलं होतं, त्या दारूबद्दल बोलतील. त्या बोलल्या मजुरीबद्दल. खाण्याच्या द्राक्षाला मण्यांची विरळणी करायची, घड औषधात बुडवायचे, पुसून-निवडून पेटीत भरायचे. ही सगळी बायांच्या हातची कामं. वाइनच्या द्राक्षाला विरळणी आणि बुडवणी जवळजवळ नसते. छाटणी पुरुष करतात, तोडणीला बाया, आणि तोडणी थोड्या दिवसांत आटोपते. “आम्हांला तिकडं दिवस जास्त भरतात,” एक मावशी म्हणाल्या. बाटलीचा भाव, सरकारचा कर, शेतकऱ्याचा नफा, हे सगळं आम्ही वहीत लिहून घेतलं होतं. बाईचे दिवस किती भरतात, हे लिहायचं आम्हांला सुचलंच नव्हतं.

त्या दिवशी आम्ही एवढं शिकलो की पिकाचा इतिहास जात, धोरण आणि कारखान्यांवर संपत नाही. त्यात मजुरीचे दिवसही मोजावे लागतात. ते मोजायला बायांशिवाय दुसरं कोण पुढे येणार?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एक काम करा. तुमच्या गावात गेल्या वीस वर्षांत कोणती पिकं आली, कोणती गेली, आणि त्यात बायांचे कामाचे दिवस वाढले की घटले, हे सगळ्यांनी मिळून आठवा. घरातल्या आजीला नक्की विचारा. आणि जे सापडेल ते आम्हांला कळवा, आपण ते याच कार्यक्रमात ऐकवू. नमस्कार.