हुकलेली टक्कर : नागरी आणि लष्करी विमानांची

प्रवासी विमान आणि लष्करी विमान हवेत धोकादायक रीतीने जवळ येऊनही धडक न होता निसटणे, अशा घटनांची ही नोंद. वैमानिक तिला ‘नियर मिस’ म्हणतात, कागदोपत्री ती ‘एअरप्रॉक्स’ होते. अमेरिकेत दोन विमानांमधले अंतर ५०० फुटांहून कमी झाले, किंवा धडकेचा धोका होता असे वैमानिकाने कळवले, की ती या सदरात मोडते. ५०० फूट म्हणजे सुमारे दीडशे मीटर. समोरासमोर येणाऱ्या दोन जेट विमानांना ते कापायला अर्धा सेकंदही लागत नाही.

‘डोळे उघडे ठेवा आणि टाळा’ हा उड्डाणाचा सर्वांत जुना नियम. अमेरिकी विमान प्रशासनाने त्याचा हिशेब मांडला आहे : समोरचे विमान दिसणे, ओळखू येणे, ते आपल्याच अंगावर येत आहे हे उमगणे, निर्णय, हाताची हालचाल आणि शेवटी विमानाचे वळणे, या साऱ्याला मिळून १२.५ सेकंद लागतात. दोन्ही विमाने ताशी ८०० किलोमीटर वेगाने येत असतील, तर तेवढ्यात त्यांच्यातले साडेपाच किलोमीटर संपतात. इतक्या लांबून लढाऊ विमान म्हणजे काचेवरचा ठिपका.

म्हणून ‘टीकॅस’ आले. ही यंत्रणा आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला हाक मारते, उत्तरावरून अंतर व उंची ताडते आणि वेळ आलीच तर वैमानिकाला ‘क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड’ असे बजावते. मेख अशी की, जो उत्तर देत नाही तो तिच्या लेखी आकाशात नसतोच. लष्करी विमान कामगिरीवर असताना ट्रान्सपॉन्डर बंद ठेवू शकते. ताफ्यात उडताना बहुधा म्होरक्याचाच चालू असतो. लपणे हा एकाचा धंदा, दिसत राहणे हा दुसऱ्याचा. भांडणाचे मूळ इथे आहे.

जेट युगाच्या आरंभी तर दोघांचे नियंत्रकही वेगळे होते. २१ एप्रिल १९५८ रोजी लास वेगासजवळ २१,००० फुटांवर युनायटेड कंपनीचे डीसी-७ नागरी हवाईमार्गाने चालले होते. नेलिस तळाचे एफ-१०० सरावासाठी त्याच मार्गातून खाली उतरत होते. धडकेत दोन्ही विमानांतले मिळून ४९ जण गेले. महिनाभरात मेरीलँडवर एक टी-३३ प्रवासी विमानावर आदळले. ऑगस्टमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याने आकाशाचा कारभार एका संस्थेकडे आला. जपानला हीच किंमत ३० जुलै १९७१ रोजी शिझुकुइशी गावावर मोजावी लागली. हवाई स्वसंरक्षण दलाचे सरावातले एफ-८६ आणि ऑल निप्पॉनचे बोइंग ७२७ एकमेकांवर आदळले. बोइंगमधले सर्व १६२ जण मेले; लढाऊ विमानाचा शिकाऊ वैमानिक पॅराशूटने वाचला. संरक्षण खात्याच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला.

हुकलेल्या टकरींकडे दुर्लक्ष कसे होते, हे वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाइतके ठळकपणे क्वचितच दिसले असेल. २९ जानेवारी २०२५च्या रात्री तिथे उतरणारे प्रवासी विमान आणि लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर धडकले आणि ६७ जणांचा जीव गेला. चौकशी मंडळाने मागची दप्तरे उघडली, तेव्हा ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात प्रवासी विमाने आणि हेलिकॉप्टरे जवळ आल्याचे १५,२१४ प्रसंग निघाले. त्यांपैकी ८५ वेळा उंचीतले अंतर २०० फुटांच्या आत होते. हेलिकॉप्टरची ठरलेली वाट आणि ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाची वाट यांत काही ठिकाणी उभे अंतर अवघे ७५ फूट उरत होते. जमिनीलगत टीकॅसचे ‘चढा-उतरा’ आदेश मुद्दाम बंद ठेवलेले असतात, त्यामुळे त्या रात्री तिचाही उपयोग नव्हता. नंतर आणखी एक गोष्ट उघड झाली : पेंटॅगॉन आणि विमानतळाचा टॉवर यांच्यातला थेट फोन मार्च २०२२पासून बंदच होता.

दोनच महिन्यांनी, २८ मार्चला, त्याच विमानतळावरून उडालेल्या डेल्टाच्या ए-३१९ला टीकॅसने सावध केले. आर्लिंग्टन स्मशानभूमीवर मानवंदना द्यायला निघालेली हवाई दलाची टी-३८ विमाने जवळ आली होती. जुलैमध्ये नॉर्थ डाकोटातल्या मायनॉटला एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाने बी-५२ बॉम्बर टाळण्यासाठी झपकन वळण घेतले आणि मग प्रवाशांची माफी मागितली. बॉम्बर राज्याच्या जत्रेवर फेरी मारून परतत होता; मायनॉटच्या नागरी टॉवरकडे रडार नव्हते.

समुद्रावर प्रश्न कायद्याचा होतो. १९४४चा शिकागो करार नागरी विमानांपुरता आहे. लष्करी विमानांबाबत तिसरे कलम देशांना एवढेच बजावते की, नियम करताना नागरी उड्डाणांच्या सुरक्षेचे योग्य भान ठेवा. हे ‘योग्य भान’ किती लवचीक असते, ते मार्च २०१४मध्ये माल्मोच्या आग्नेयेला दिसले. कोपनहेगनहून रोमला निघालेल्या एसएएसच्या विमानासमोर ट्रान्सपॉन्डर बंद ठेवलेले रशियन इल्युशिन-२० हे टेहळणी विमान आले. हवा स्वच्छ होती आणि वैमानिक जागरूक होते, म्हणून निभावले.

भारतात दोन्ही वाहतुकी अनेकदा एकाच धावपट्टीवर नांदतात. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे, गोव्याचे दाबोळी नौदलाचे ‘आयएनएस हंसा’. दोन्हीकडे टॉवर लष्कराच्याच हाती. एकच नियंत्रक दोघांना पाहतो, हा या व्यवस्थेचा फायदा. बदल्यात प्रवासी विमानांना वेळापत्रकात आखडून बसावे लागते. मात्र लष्करासाठी राखलेल्या आकाशाचा ताण धावपट्टीपुरता थांबत नाही. १९९६मध्ये चरखी दादरीला दोन नागरी विमाने धडकून ३४९ जण मेले, तेव्हा दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलाकडे असल्याने येणारी-जाणारी विमाने एकाच पट्ट्यातून जात होती. त्यानंतर भारताने टीकॅस सक्तीचे केले आणि येण्याजाण्याचे मार्ग वेगळे केले. मे २०२०मध्ये केंद्र सरकारने सांगितले, तेव्हाही देशाचे ६० टक्केच आकाश नागरी विमानांना मोकळे होते. गोव्यात लष्कराच्या मालकीची नसलेली धावपट्टी प्रवासी विमानांना मिळाली ती जानेवारी २०२३मध्ये, मोपाला.