चौल बंदर आणि आमचे वाटाडे

इतिहासाचें अध्यापन करण्यांत पंचवीस-तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास एक खोड हटकून जडते. जुन्या स्थळीं गेला म्हणजे तो तेथील वाटाड्याचें बोलणें ऐकत नाहीं; तपासतो. सन चुकला, राजाचें नांव चुकलें, पेशव्यांचें श्रेय आंग्र्यांस दिलें, असें कांहीं झालें कीं मनांतल्या मनांत तो तांबड्या शाईची खूण करतो आणि घरीं परतल्यावर ती चूक मित्रमंडळींत मोठ्या रसानें सांगतो. ही खोड मलाही होती. ती कशी उतरूं लागली, ती हकीकत येथें सांगावयाची आहे. परंतु त्या निमित्तानें चौल या आपल्या एका अतिप्राचीन बंदराची ओळख वाचकांस करून द्यावी, हा मुख्य हेतु आहे.

गेल्या पौषांत आम्ही उभयतां व आमची कन्या, असे तिघे पुण्याहून खोपोली-पेणच्या वाटेनें निघालों. पुण्याचे लोक अलिबागेपर्यंत हौसेनें जातात, समुद्रांत पाय बुडवितात, कुलाब्याचा किल्ला पाहतात आणि परततात. तेथून दक्षिणेस पंधरा-सोळा किलोमीटरांवर चौल व त्याला लागूनच रेवदंडा आहे, तिकडे फारसें कोणी वळत नाहीं. मुलीनें दूरध्वनीवरून एक माहितगार गृहस्थ आधींच ठरविले होते. दुसरी मंडळी सोबत न घेतां सकाळचे तीन तास ते केवळ आम्हांस देणार होते. गृहस्थ माझ्याच वयाचे, उन्हानें रापलेले, मितभाषी. खाडीपलीकडच्या कोर्लई गांवचे राहणारे, धर्मानें ख्रिस्ती. उमेदीचीं वर्षें त्यांनीं बोटीवरच्या नोकरींत काढलीं होतीं. आपलें नांव छापूं नये, अशी त्यांची इच्छा असल्यामुळें येथें त्यांस नुसतें वाटाडे म्हणतों.

आरंभ चौलापासून झाला. येथें पाहावयास काय आहे, असा प्रश्न नवख्यास पडल्यावांचून राहणार नाहीं. नारळी-पोफळींच्या वाड्या, त्यांमधून जाणारे अरुंद रस्ते, जागोजाग तळीं, मध्येंच एखादें कौलारू देऊळ. परंतु या झाडींत जें बंदर निजलेलें आहे, त्याचें वय सुमारें दोन हजार वर्षांचें आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखकांनीं याचा उल्लेख ‘सेमिल्ल’, ‘सिमुल्ल’ अशा नांवांनीं केला आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत तेंच ‘चेमुल’ म्हणून येतें. अरबांनीं त्याला ‘सैमूर’ म्हटलें. दहाव्या शतकाच्या आरंभीं अल्-मसूदी हा प्रसिद्ध प्रवासी येथें आला, तेव्हां राष्ट्रकूटांच्या छत्राखालीं झंझ नांवाचा शिलाहार राजा राज्य करीत होता, आणि ओमान, बसरा, बगदाद वगैरे ठिकाणांहून आलेल्यांसह सुमारें दहा हजार मुसलमान या गांवीं सुखानें नांदत होते, असें त्यानें लिहून ठेवलें आहे.

रामेश्वराच्या देवळापाशीं वाटाडे थांबले. “सर, पूर्वीं चौलांत तीनशें साठ देवळें आणि तीनशें साठ तळीं होतीं.” माझी तांबडी शाई तयारच होती. वर्षाच्या दिवसांइतकी देवळें ही कल्पना आपल्याकडे अनेक गांवीं आढळते; तो आकडा मोजणीचा नसून समृद्धीचा असतो. मीं हंसून विचारलें, “कोणी मोजलीं होतीं काय?” ते शांतपणें म्हणाले, “मोजायला तीं राहिलीं असतीं, सर, तर लोकांनीं आकडा कशाला धरून ठेवला असता?” आमची कन्या माझ्याकडे पाहून हंसली. या देवळासमोर पर्जन्यकुंड, वायुकुंड व अग्निकुंड अशीं तीन कुंडें बुजविलेलीं आहेत; अवर्षण पडलें म्हणजे पर्जन्यकुंड उघडण्याचा येथें परिपाठ आहे. पुढें राजकोटाचे अवशेष, हमामखाना, आणि ज्याला लोक कलावंतिणीचा वाडा म्हणतात ती पडकी इमारत पाहून आम्ही रेवदंड्याकडे वळलों.

वाटेंत मीं त्यांना अफनासी निकितिनची गोष्ट सांगितली. पण ती त्यांना ठाऊक होती, कारण रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारांत त्या रशियन व्यापाऱ्याचें स्मारकच उभें आहे. त्वेर गांवचा हा मनुष्य १४६९ च्या सुमारास एक घोडा विकावयास घेऊन समुद्रमार्गें चौलास उतरला. दक्षिणेंतील सुलतानांस इराणी-अरबी घोड्यांची सदैव गरज असे, आणि चौल हें त्या व्यापाराचें एक मोठें नाकें होतें. निकितिन घाट चढून आपल्या जुन्नरास आला व पावसाळाभर तेथें राहिला. तेथील अधिकाऱ्यानें त्याचा घोडा काढून घेऊन ‘मुसलमान हो, म्हणजे परत देतों’ अशी अट घातली. अखेर एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीमुळें घोडाही वांचला आणि धर्मही. पुणें प्रांत आणि चौल यांचा संबंध किती जुना व किती नित्याचा होता, हें या एका प्रसंगावरून दिसेल. देशावरचा माल घाट उतरून येथें येई, आणि समुद्रापलीकडचा माल येथूनच घाट चढे.

रेवदंड्याचा किल्ला म्हणजे एक चमत्कारिक वस्तु आहे. गावाबाहेर डोंगरावर किल्ला, असा आपला नेहमींचा अनुभव; येथें किल्ल्याच्या पोटांतच गांव आहे आणि तटाला भगदाड पाडून मोटारीचा रस्ता आंत शिरला आहे. पोर्तुगीज १५०५ मध्यें प्रथम चौलास आले. १५२१ मध्यें अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून त्यांनीं किल्ला बांधण्याची परवानगी मिळविली. हळूहळू त्या तटांत चर्चें, मठ, इस्पितळ, वाडे यांनीं भरलेलें एक नगर उभें राहिलें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राल्फ फिच हा इंग्रज प्रवासी आला, तेव्हां त्याला येथें दोन चौलें दिसलीं : एक पोर्तुगिजांचें व दुसरें मुसलमानांचें, आणि दोन्हींत रेशीम, मसाले, हस्तिदंत व चिनी भांडीं यांचा व्यापार जोरांत चाललेला.

समुद्राच्या बाजूला गेल्यावर मीं कुंडलिकेच्या मुखाकडे बोट दाखवून १५०८ च्या लढाईचें वर्णन सुरूं केलें. मार्च महिन्यांत इजिप्तचें आरमार व दीवचा मलिक अयाझ यांनीं मिळून पोर्तुगिजांना येथें गांठलें. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण पुत्र लोरेन्सो द अल्मैदा याचें जहाज निसटून जात असतां कोळ्यांच्या खांबांत अडकलें, आणि तो लढतां लढतां मारला गेला. हिंदी समुद्रांतील पोर्तुगिजांचा हा पहिला मोठा पराभव. ‘खांबांत अडकलें’ हे शब्द मीं वर्गांत किती वेळां उच्चारले असतील! परंतु उघड्या समुद्रांत खांब कोठून आले, हा प्रश्न मला कधींच पडला नव्हता. वाटाड्यांनीं तो एका वाक्यांत सोडविला. “डोलीचे खुंट, सर.” आमचे कोळी डोल नांवाचें पिशवीसारखें भलें मोठें जाळें खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडावर लावतात, भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासे आपोआप आंत येतात. म्हणजे जेथें पाण्याला ओढ सर्वांत अधिक, नेमके तेथेंच खुंट! “ओहोटी लागली असेल, जहाज जखमी असेल, तर ओढ त्याला तेथेंच नेणार. मासे काय आणि जहाज काय.” चारशें पृष्ठांच्या ग्रंथांत मला जें कळलें नव्हतें, तें त्यांनीं खाडीच्या काठावर उभें राहून समजावून दिलें. माझी लेखणी मीं तेथें मनोमन खिशांत घातली.

तेथून आम्ही किल्ल्याच्या आंतील भग्न चर्चांकडे आलों. फ्रान्सिस्कन मठाचा उंच मनोरा, ज्याला गांवकरी सातखणी म्हणतात, तो अजून माडांच्या वर डोकें काढून उभा आहे. बाकीच्या ठिकाणीं कमानी, अर्धवट भिंती, कोठें लॅटिन-पोर्तुगीज अक्षरें कोरलेली शिळा, आणि सर्वत्र वाड्यांचें शिंपणें चाललेलें. याच भिंतींनीं १५७०-७१ मध्यें मूर्तझा निजामशहाच्या प्रचंड सैन्याचा वेढा सोसला. १६८३ मध्यें संभाजी महाराजांच्या सैन्याचा वेढाही सोसला. तोफांनीं जें साधलें नाहीं, तें पुढें व्यापारानें साधलें. खाडी गाळानें उथळ होत चालली, पोर्तुगिजांचें सागरी बळ खचलें, उत्तरेस इंग्रजांची मुंबई वाढूं लागली, आणि चौलचे विणकर आपले माग घेऊन तिकडे राहावयास गेले. बंदराचें मरण रणांगणावरील मरणासारखें नसतें; एकेक कारागीर, एकेक सावकार उठून जातो आणि शेवटीं दरवाजे लावावयासही कोणी उरत नाहीं.

“आणि मग १७४० आलें,” मीं म्हणालों. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, तेव्हां उत्तर कोंकणांतील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. पुढील वर्षीं इंग्रजांच्या मध्यस्थीनें तह झाला. मराठ्यांनीं गोव्याकडील साष्टी प्रांतांतून निघून जावें आणि चौल व कोर्लई पोर्तुगिजांनीं मराठ्यांच्या स्वाधीन करावीं, असें ठरलें. हें सर्व मीं ज्या उत्साहानें सांगितलें, तो उत्साह पुण्याच्या मनुष्यास शोभणाराच होता. वाटाड्यांनीं तें अदबीनें ऐकून घेतलें. नंतर विचारलें :

“सर, एक विचारूं? तुमच्या पुस्तकांत त्या तहानंतर आमचें काय झालें, तें लिहिलें आहे काय?”

मीं म्हटलें, “पोर्तुगीज गोव्याला गेले.”

“ते गेले. आम्ही पोर्तुगीज नव्हतों. आम्ही येथलेच होतों. आम्ही कोठें जाणार?”

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तह शिकवितांना मीं किल्ले मोजले होते, तोफा मोजल्या होत्या. पण तटाच्या आंत राहणारीं माणसें त्या दिवशीं संध्याकाळीं कोठें जेवलीं असतील, हा विचार मनाला शिवला नव्हता. ज्यांच्यापाशीं गलबताचें भाडें होतें, तीं गेलीं. गरीब एतद्देशीय ख्रिस्ती मागें राहिले आणि खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशीं एकत्र वसले. मराठ्यांच्या राज्यांत त्यांची वस्ती टिकली, हें आपल्या राज्यकर्त्यांस भूषणावहच म्हटलें पाहिजे. पण तेंही आम्हीं कधीं सांगितलें नाहीं, कारण तीं माणसें आहेत हेंच आमच्या गांवीं नव्हतें.

ठरलेले तीन तास केव्हांच उलटून गेले होते. परंतु वाटाडे म्हणाले, “आतां घरीं चला.” साळावचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईस गेलों. समुद्रांत घुसलेल्या डोंगरावर किल्ला, जो पोर्तुगिजांनीं १५९४ मध्यें निजामशहापासून घेतला. खालीं मासे वाळत घातलेला किनारा, आणि दाट वस्तीचें गांव. त्यांच्या घरीं त्यांच्या वृद्ध मातोश्री ओटीवर बसल्या होत्या. आमच्याशीं त्या स्वच्छ मराठींत बोलल्या. लगेच वळून नातवाला कांहीं सांगितलें, त्यांतलें एक अक्षरही आम्हांस कळलें नाहीं. हीच ती कोर्लईची बोली. हजाराच्या आसपास माणसें ती बोलतात, आणि या भागांत ती सुमारें पांचशें वर्षें टिकून आहे. गांवकरी तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, एवढेंच म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज मुळाचे. पण क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं येऊन बसतें. पोर्तुगालचा संबंध तुटल्यावर तिच्या अंगावर मराठीचा संस्कार वाढत गेला, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

आमच्या सौभाग्यवतीला यांत विशेष गंमत वाटली. ती म्हणाली, “मग आमचें घर तरी कोठें निराळें आहे?” आणि खरेंच आहे. बटाटा, पाव, परात, चावी, घमेलें, पगार, लिलांव हे शब्द सदाशिव पेठेंतल्या सोवळ्या घरांतही रोज उच्चारले जातात, आणि ते सारे याच वाटेनें आपल्याकडे आलेले आहेत. आम्हीं शब्द घेतले. त्यांनीं भाषा राखली, एवढाच काय तो भेद.

“पण राहील किती दिवस?” वाटाडे म्हणाले. “माझा मुलगा मुंबईला असतो. त्याला समजते, पण तो मराठींतच उत्तर देतो. नातू दोन्हीकडे तोंड वेंगाडतो.” हें सांगतांना त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती; गाळ भरत चाललेल्या खाडीविषयीं बोलावें, तसें ते बोलत होते. मला सकाळचें त्यांचें वाक्य आठवलें : मोजायला राहिलीं असतीं, तर आकडा कशाला धरून ठेवला असता?

निघतांना मीं ठरलेल्या रकमेहून अधिक पैसे देऊं केले. ते त्यांनीं घेतले नाहींत. “कांहीं लिहाल तर एक नीट लिहा, सर. लोक येतात आणि आम्हांला पोर्तुगीज म्हणून फोटो काढतात. आम्ही मराठी मुलखाचींच माणसें. बोली निराळी आहे, एवढेंच.” त्यांचें हें मागणें येथें पुरें करीत आहें.

चौलवर लिहिलेलें साहित्य थोडें नाहीं. डॉ. जेर्सन दा कुन्हा यांनीं १८७६ मध्येंच चौल व वसई यांच्या पुरातन अवशेषांवर सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि आजही त्यावांचून अभ्यासकाचें चालत नाहीं. तो वाचून जावें, असें मीं वाचकांस अवश्य सांगेन. मात्र तेथें गेल्यावर एखादा स्थानिक मनुष्य बरोबर घ्यावा, त्याच्या सनांची चूक काढण्याची घाई करूं नये, आणि शेवटीं त्याच्या घरचें काय झालें, हें विचारावें.

यंदा वर्गांत १७४० चा तह शिकविण्याची वेळ आली, तेव्हां कलमें सांगून झाल्यावर मीं नेहमींप्रमाणें पुस्तक मिटलें नाहीं. आंत राहिलेल्या माणसांची हकीकत सांगितली. एका विद्यार्थ्यानें हात वर करून विचारलें, “सर, हें परीक्षेला येणार आहे काय?” मीं म्हणालों, “नाहीं.” तरी त्यानें तें लिहून घेतलें.